नऊ दुकानांत पास झालेलं नाव

शाळेत त्याच्या वर्गात एकाच नावाची तीन मुलं होती. एक उंच होता, त्याला लंबू म्हणत. एक जाडा होता, त्याच्यासाठी कुणाला डोकं खाजवावं लागलं नाही. तिसऱ्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. तेव्हा मास्तर हजेरी घेताना विचारत, "लंबू आला, जाड्या आला, आणि तो उरलेला कुठाय?" हे नाव शाळा सुटेपर्यंत टिकलं, आणि पुढे तो ज्या छापखान्यात कामाला होता तिथेच जाड्याही नोकरीला लागल्यामुळे तिथेही आलं. जाड्या आता बारीक झाला होता आणि त्याला सगळे साहेब म्हणत. उरलेला मात्र उरलेलाच राहिला.

आईला त्याने एकदा याचा जाब विचारला होता.

"एवढी नावं पडली होती जगात. हेच कसं सुचलं तुला?"

"मला कुठलं सुचतंय," आई म्हणाली. "दवाखान्यात बाजूच्या खाटेवरच्या बाईने ठेवलं, कानाला बरं वाटलं. त्या वर्षी तेच चालू होतं रे. पलीकडच्या खाटेवरचीनेही तेच ठेवलं."

त्या दिवसापासून आपल्या आयुष्यात जे जे झालं नाही त्याचं खापर त्याने नावावर फोडलं. बढती का नाही? नाव लक्षात राहत नाही. शेजारी का विचारत नाहीत? नावातच दम नाही. माणसाला नावापलीकडे ओळख मिळवायला भरपूर वाव असतो हे त्याच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल तर त्याने ते सोयीस्करपणे विसरून टाकलं.

छापखान्यात लेबलं छापली जात. औषधाच्या बाटल्यांची, जॅमच्या बरण्यांची, फिनेलच्या डब्यांची. उरलेल्याचं काम मजकूर तपासण्याचं. खिडकीखाली टेबल, टेबलावर भिंग, लाल पेन आणि एक ओला स्पंज. छापखान्याच्या मालकाने त्याला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. नवं लेबल आधी गेटवरच्या वॉचमनला वाचायला द्यायचं. तो अडखळला तर लेबल नापास, अक्षर बदलायचं. आणि चूक दिसत असताना प्रूफावर सही करायची नाही, मग मी स्वतः तुझ्या डोक्यावर येऊन उभा राहिलो तरी. उरलेल्याने दोन्ही गोष्टी चौदा वर्षं पाळल्या. एकदा खोकल्याच्या औषधावरचा एक अनुस्वार राहिला म्हणून त्याने भरलेली गाडी दोन तास गेटवर थांबवली. त्याच्या पराक्रमांची यादी इथे संपते.

मग मुलगी झाली.

बायको दातांच्या लॅबमध्ये होती. कवळ्या, कॅप, मोजून घासलेले दात. बोटं इतकी नेमकी, की लॅबच्या मॅडम अवघड कामं तिच्याचकडे देत. तिने नावही तसंच नेमकं सुचवलं: दोन अक्षरं, ना काना ना वेलांटी. उरलेल्याने ते ऐकलं, कागदावर लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी चादरी घेऊन लाँड्रीत गेला. पावतीवर त्याने मुलीचं नाव सांगितलं. संध्याकाळी पावती बायकोपुढे धरून म्हणाला, "नापास."

"म्हणजे?"

"बघ ना. लाँड्रीवाल्याने पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलं. मान वरसुद्धा केली नाही त्याने."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं? जे लाँड्रीवाला सहज लिहितो ते नाव अजून शंभर पोरींचं असणार. मला नको."

त्यानंतर चार महिने तो नावं बनवत होता. बनवत होता हाच शब्द बरोबर. एका नावाचं तोंड घ्यायचं, दुसऱ्याची शेपटी, मध्ये जोडाक्षर ठोकायचं, आणि सकाळी ते वहीत लिहून घेऊन बाहेर पडायचं. चष्म्याच्या दुकानात, केकवाल्याकडे, टॅक्सीच्या बुकिंगला, शिंप्याकडे तो मुलीच्या नावाने ऑर्डर देई आणि कोण कसं लिहितो ते बघे. पावत्या फाइलला लावलेल्या. रात्रंदिवस बाळ मांडीवर घेऊन बसलेली बायको मधूनमधून विचारी, "आज काय म्हणायचं हिला?" आणि तो सांगे, "चाचणी चालू आहे."

शेवटी एक नाव नऊ दुकानांत गेलं आणि नऊ तऱ्हांनी लिहिलं गेलं. केकवाल्याने तर अर्धवट लिहूनच फोन ठेवून दिला. उरलेल्याचा चेहरा उजळला. ते नाव इथे देण्यात अर्थ नाही. वाचणारा ते चुकीचंच वाचेल, आणि त्याला तेच हवं होतं. एवढं सांगितलं तरी पुरे, की अक्षरं चार, त्यांत जोडाक्षरं तीन, इंग्रजीत लिहिताना दोन वाय लागत आणि शेवटी एक एच येई, जो कुठे ऐकू येत नसे.

"अरे, पण तुमच्याकडे वॉचमन अडखळला तर लेबल नापास करता ना?" बायको म्हणाली. "मग इथे उलटं कसं?"

"तो फिनेलचा डबा आहे. ही माझी मुलगी आहे."

"तेच म्हणतेय. फिनेलची तरी काळजी घेतोस."

बायकोने हात टेकले. जन्माच्या दाखल्यावर ते नाव चढलं. दाखल्यावरची चूक दुरुस्त करायला उरलेल्याने पाच फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीनंतर घरी येऊन टेचात सांगितलं, की तिथल्या कारकुनाने असलं नाव आयुष्यात पाहिलं नव्हतं. आईला फोनवर तीनदा सांगितल्यावर आई म्हणाली, "बरं बरं. तब्येत बरी आहे ना तिची?" आई त्याच्या बहिणीकडे होती, तिच्या जुळ्यांना सांभाळायला, तिथून हलणं शक्य नव्हतं. बायकोला आई नव्हती.

आणि खरा प्रश्न तिथे होता. लॅबच्या मॅडमनी रजा एकदा वाढवून दिली होती. आता त्यांनी स्वच्छ सांगितलं, की एक तारखेला ये, नाहीतर मी दुसरी मुलगी बघते. आसपास धड पाळणाघर एकच. तिथे वर्षभराची यादी, आणि रजेच्या शेवटच्या आठवड्यात कळलं की एक जागा रिकामी झाली आहे. शनिवारी दहा वाजता पालकांनी यायचं. पाळणाघराच्या बाई यादीतलं मुलाचं नाव पुकारणार. हजर असेल त्याला जागा, नसेल तर पुढचं नाव. बायकोने बाळंतपणाच्या आधीच नंबर लावून ठेवला होता, त्यामुळे या मुलीचं नाव यादीत सगळ्यांत वर होतं.

शनिवारी बाळाला ताप होता, म्हणून बायको घरी थांबली आणि उरलेल्याला पाठवलं. दारात तिने त्याची कॉलर सरळ केली.

"ऐक. बाई काहीही म्हणोत, तू उठायचं. हो म्हणायचं. फॉर्मवर सही करायची आणि घरी यायचं. शहाणपणा करायचा नाही."

"मी काय लहान आहे का?"

"त्याबद्दल नंतर बोलू."

पाळणाघराच्या पुढच्या खोलीत मोठ्यांसाठी खुर्च्या नव्हत्या. पंधरा-वीस पालक मुलांच्या लाल-पिवळ्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसले होते. भिंतीवर नावाच्या चिठ्ठ्या लावलेल्या खुंट्यांच्या दोन रांगा, एका खुंटीवर विसरलेलं इवलंसं स्वेटर. आत कुणीतरी एकसुरी रडत होतं. बाई ठेंगण्या, चष्मा गळ्यात, हातात वही. त्यांनी चष्मा चढवला, वहीकडे बघितलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला, आणि एक नाव पुकारलं.

उरलेला बसून राहिला. त्याला कळलं होतं, की हे आपल्याच मुलीचं. पण पहिल्या जोडाक्षराचे दोन तुकडे झाले होते.

बाईंनी पुन्हा पुकारलं. या वेळी पहिलं अक्षर जमलं, तिसरं गेलं. सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेजारच्या गृहस्थाने कोपराने डिवचलं, "तुमचं नाही ना?" उरलेल्याने मान हलवली. नाही अशी की हो अशी, ते त्या गृहस्थाला कळलं नाही.

"शेवटचं विचारते," बाई म्हणाल्या, आणि तिसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्या खेपेला शेवटचा एच त्यांनी असा काही फुंकला, की पुढच्या रांगेतल्या एका आईच्या बटा उडाल्या. लोक हसले. उरलेला ताडकन उभा राहिला. खुर्ची कमरेला अडकून त्याच्याबरोबर वर आली.

"असं नाहीये ते," तो म्हणाला.

"कसं आहे मग? तुमचीच मुलगी का?"

"तुम्ही जे म्हणालात त्या नावाची नाही."

"अहो, म्हणजे तुमची आहे की नाही?"

"या नावाची मुलगी माझी नाही. माझ्या मुलीचं नाव वेगळं आहे. नीट पुकारा, मग हो म्हणतो."

खोलीतलं हसू थांबलं. त्याने चौदा वर्षं चुकीच्या प्रूफावर सही केली नव्हती, आणि आजही करणार नव्हता. त्याला वाटलं, आता बाई वरमतील, विचारतील, मग आपण सावकाश, अक्षर तोडून सांगू. एवढे सगळे ऐकतील. अशी संधी माणसाला रोज येत नाही.

बाईंना मागे वीस माणसं दिसत होती आणि आतल्या रडण्यात आता दुसऱ्याची भर पडली होती. "वेगळं असेल तर खाली येईल यादीत. बसा," त्या म्हणाल्या. वहीत एक रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं. दोन अक्षरी, ना काना ना वेलांटी. मागून एक बाई "हो, हो, आमची!" म्हणत धावली. फॉर्म भरला गेला, जागा संपली. यादी खालपर्यंत वाचायची गरजच पडली नाही. उरलेला कमरेची खुर्ची सोडवत उभा होता.

घरी आल्यावर त्याने सगळं सांगितलं. लपवाछपवी त्याच्या स्वभावात नव्हती. आपण चुकलो असं वाटलं असतं तर कदाचित लपवलं असतं.

बायको बाळाच्या कपाळावरची पट्टी बदलत होती. ती ओरडली नाही.

"म्हणजे बाईंनी तीनदा हाक मारली."

"चुकीची."

"आणि तू म्हणालास, माझी मुलगी नाही."

"त्या नावाची नाही असं म्हणालो. फरक आहे."

"आहे ना. त्या फरकाला आता तूच सांभाळ," बायको म्हणाली. "मी एक तारखेला कामावर जाणार."

"आणि मी?"

"तू रजा काढ. बिनपगारी. मॅडम माझी जागा भरतील दोन दिवसांत. तुझी कोण भरतंय ते बघू."

साहेबांनी, म्हणजे पूर्वीच्या जाड्याने, रजेचा अर्ज वाचला आणि पुन्हा वाचला. "बाळंतपण बायकोचं झालं ना रे? मग बाळंतरजा तू कसा काढतोस?" एवढं बोलून त्याने सही केली. उरलेल्याच्या टेबलावर एका निवृत्त शिक्षिकेला बसवलं. पंधरा दिवसांत तिने लेबलांवरच्या दोन जुन्या चुका शोधल्या, ज्या उरलेल्याच्या सहीने नऊ वर्षं छापल्या जात होत्या. ही बातमी साहेबांनी त्याला मुद्दाम फोन करून दिली.

घरात उरलेला आणि ती मुलगी. पहिल्या दिवशी तो तिला पूर्ण नावाने हाक मारत होता, चारही अक्षरं स्वच्छ. दुपारी तिने पाठीपर्यंत घाण केली. एका हातात ती, दुसऱ्या हातात नळ, आणि दूध गॅसवर उतू चाललेलं. अशा वेळी तीन जोडाक्षरं तोंडात बसत नाहीत. "अगं ए! ए बाई, थांब!" असं त्याच्या तोंडून निघालं, आणि ती चक्क थांबली. दुसऱ्या दिवशीपासून "अगं ए"च चाललं. चौथ्या आठवड्यात बायकोने कामावरून फोन करून विचारलं, "काय करतेय?" आणि त्याने नाव न घेता सांगितलं, "झोपली. हळू बोल." बायकोने फोन ठेवला. तिला त्या दिवशी सहा कॅप पूर्ण करायच्या होत्या.

सातव्या आठवड्यात पाळणाघरातून फोन आला. एक कुटुंब गाव सोडून चाललं होतं. मुलगी त्याच्या खांद्यावर किंचाळत होती, चष्म्याची एक काडी तिच्या मुठीत. पलीकडून बाईंनी मुलीचं नाव घेतलं. ही दहावी तऱ्हा होती. नऊ दुकानांतल्या एकाही पावतीवर ती नव्हती.

"तिचेच वडील ना तुम्ही?"

"हो, हो, मीच."

"नाव जरा नीट सांगता का, वहीत लिहायचंय—"

"लिहा हो तुम्हाला जमेल तसं. उद्यापासून आणली तर चालेल का?"