आईने ओळखलेला माणूस

नव्वदच्या सुमाराला आम्ही पनवेलला राहायचो. आई प्राथमिक शाळेत शिकवायची. जुना विद्यार्थी दाढीमिशा घेऊन समोर आला तरी ती त्याला नावानिशी हाक मारायची. त्यामुळे भर दुपारी तळ्याकाठी एकाने तिचं मंगळसूत्र खेचून पळ काढला, तेव्हा घरी येऊन ती ठामपणे म्हणाली, "चेहरा पाहिलाय मी त्याचा. विसरणार नाही."

काही आठवड्यांनी ओळख परेडला बोलावणं आलं. मी बाबांबरोबर बाहेर बाकावर बसले होते. आत तहसीलदारांसमोर एकाच वयाची, एकाच बांध्याची माणसं रांगेत उभी केली होती. आईने एकदाच सगळ्यांवरून नजर फिरवली आणि एकाच्या खांद्याला हात लावला. "हाच."

तो म्हणे एवढंच पुटपुटला, "बाई, मी नाय वो."

संशयावरून उचललेला तो माणूस उरणच्या वाटेवरच्या जासई गावचा, कंटेनरच्या यार्डात हमाली करणारा. त्याला जामीन मिळेपर्यंत पावसाळा सरला. पुढे दुसऱ्याच चोरीत सापडलेल्या एकाने आमचीही चोरी कबूल केली. मंगळसूत्राच्या वाट्या सोनाराकडे मिळाल्या. हवालदार घरी सांगायला आला, तेव्हा आईने एवढंच विचारलं,

"मग मला तो इतका ओळखीचा का वाटला?"

दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. मग आठवलं. चोरीच्या काही दिवस आधी उरणच्या एसटीत चढताना तिची वह्यांची पिशवी पडली होती, ती त्याने उचलून दिली होती.

आम्ही जासईला गेलो. तो ओट्यावर जाळं विणत होता. त्याची बायको दारातच म्हणाली, "आता कशाला आलाव?"

आईने हात जोडले. "माझं चुकलं हो."

"पोलिसांचा राग नाय, बाई," तो म्हणाला. "पन तुमी माझ्या डोल्यात बगून बोललाव."

आईने एसटीतल्या पिशवीचं सांगितलं. त्याने हातातलं जाळं खाली ठेवलं. "नाय आठवत," म्हणाला आणि पुन्हा जाळ्याकडे वळला.

नंतर आईच्या सांगण्यावरून, त्याला पुन्हा कामावर घ्या म्हणायला बाबा यार्डातल्या मुकादमाला भेटले. सगळं नीट समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तो सुटला हे बरंच झालं साहेब. पण पोलीस केस झालेला माणूस मी नाही ठेवू शकत."