बाईंची गाडी झोपेना

व्हर्लिन नेस हा आमच्या गावातला रिटायर्ड मेकॅनिक. रिटायर्ड म्हणजे गॅरेजवरची पाटी उतरवली, एवढंच. कामं तितकीच राहिली, कारण त्याला कुणालाही नाही म्हणता येत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या या भागात तोंडावर कुणी काही बोलत नाही, आणि न बोलणाऱ्यांतही व्हर्लिन वरच्या वर्गातला. एकदा त्याच्या पायावर जॅक पडला, तेव्हा तो म्हणाला होता, "हं, हे काही फारसं बरं झालं नाही."

गेल्या सप्टेंबरात आर्डिसबाईंनी त्याला बोलावलं. वय एक्क्याऐंशी. चर्चच्या रविवारच्या शाळेत त्यांनी त्याला शिकवलेलं, म्हणून सत्तरीतही तो त्यांना बाईच म्हणतो. त्यांची गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी ठार. बॅटरी तर नवीकोरी. शहरात राहणाऱ्या त्यांच्या मुलीने, रोक्सॅनने, निकाल देऊन टाकला होता: आई दिवे बंद करायला विसरते. शनिवारी येऊन ती किल्ल्या घेऊन जाणार होती.

"मी विसरत नाही," बाई म्हणाल्या. "तू पाठांतरात कुठे अडकायचास तेसुद्धा आठवतंय मला."

"ते राहू द्या बाई."

गुरुवारी सकाळी व्हर्लिनने बॅटरीची वजा बाजूची वायर सोडवली आणि मध्ये मीटर जोडला. गाडी उभ्या उभ्या किती वीज पिते ते आता कळणार होतं. पण त्यासाठी गाडी आधी झोपायला हवी. हल्लीच्या गाड्या तान्ह्या पोरांसारख्या. बंद केल्यावर पाऊण तास चुळबुळतात, आणि एक दार उघडलं की टक्क जाग्या. फ्यूजपर्यंत हात जावा म्हणून त्याने ड्रायव्हरचं दार उघडंच ठेवलं, पण त्याच्या खटक्यात स्क्रूड्रायव्हर दाबला. गाडीला वाटावं, दार लागलंय. मग तो खुर्ची टाकून बसला. मी शेजारी, म्हणून मीही बसलो.

पस्तीस मिनिटांनी बाई कॉफी घेऊन आल्या.

"घे."

"नको, राहू द्या."

"अर्धा कप."

"कशाला उगाच त्रास."

"ओतून झालीय."

"मग थोडीशी चालेल."

तिसऱ्या आग्रहाला हो म्हणायचं, हा इथला शिरस्ता. तो पाळून झाल्यावर बाई पलीकडे गेल्या, दार उघडलं आणि भोपळ्याच्या वड्यांची ताटली सीटवर ठेवली. "घरी न्यायला." मीटरवरचा आकडा टुणकन वर गेला.

"छान दिसतायत," व्हर्लिन म्हणाला.

बाई आत गेल्यावर मी म्हटलं, "अरे, सांग ना त्यांना."

"सांगितलं की."

"कधी?"

"मी मीटरकडे बघितलं नाही का?"

पुन्हा चाळीस मिनिटं. ताटलीवर झाकण घालायचं राहिलं म्हणून बाई परत आल्या. पुन्हा दार. या वेळी व्हर्लिनने घसा साफ केला. "बाई, काही लोक अशा वेळी दाराला हात लावत नाहीत."

"एवढं ओरडायला काय झालं?" बाई म्हणाल्या आणि तडक आत गेल्या. व्हर्लिनचे कान लाल झाले.

जेवणाच्या वेळेला एकदाची गाडी झोपली. आकडा हवा होता शून्य पॉइंट शून्य तीन अँपिअरच्या आसपास. होता शून्य पॉइंट चार. काहीतरी जागं होतं. त्याने एकेक फ्यूज उपसायला सुरुवात केली. सातवा काढला आणि आकडा धाडकन खाली आला. तो फ्यूज आतल्या बारक्या दिव्यांचा. तो परत बसवून त्याने एकेक दिवा बघितला. डिकीतला दिवा बंद, आरशावरचा बंद. उरला डॅशबोर्डमधला कप्पा. त्याचं झाकण बोटभर उघडं होतं, आणि ते लागल्याशिवाय आतला दिवा विझत नाही. जरा वेळाने त्याने आत बोट घातलं, तर बल्ब चटका बसेल इतका तापलेला. दिवसाउजेडी तो दिसणार कसा? आणि झाकण लागणार कसं? आत कागदी रुमाल. कॉफीच्या दुकानातले, गाडीत बसूनच बर्गर घ्यायच्या खिडकीवरचे, चर्चमधल्या मयताच्या जेवणांतले, वर्षानुवर्षांचे, खच्चून.

बाईंना बोलावलं. त्यांनी वाकून कप्प्यात पाहिलं.

"म्हणजे मी दिवे विसरले नव्हते."

"नाही, बाई."

"रोक्सॅनला तसंच सांग."

"सांगतो. थोडे रुमाल काढले, तर झाकण लागेल."

"सगळे न वापरलेले आहेत," बाई करड्या आवाजात म्हणाल्या. "थोडे म्हणजे किती?"

व्हर्लिनने बल्बच काढून खिशात टाकला.

शनिवारी रोक्सॅन आली. गाडी दोन दिवस जागची हलली नव्हती. पहिल्याच फटक्यात सुरू झाली. "स्मरणशक्ती ठणठणीत आहे," व्हर्लिनने सांगितलं, आणि नक्की काय झालं होतं तेही, जमेल तितक्या कमी शब्दांत. रोक्सॅनने कप्पा उघडला. पसाभर रुमाल तिच्या मांडीवर आले.

संध्याकाळी ती किल्ल्या न घेताच निघाली. जाताना बाईंनी त्यातले निम्मे रुमाल तिला दिले. तिने ते आपल्या गाडीच्या कप्प्यात कोंबले आणि झाकण गुडघ्याने दाबून लावलं.