सत्काराला गेलेली घोंगडी

साताऱ्यातल्या एका मदत समितीने मला फसवले. त्यात पहिला नंबर तिच्या अध्यक्षांचा. ते म्हणतात, गैरसमज झाला. गैरसमज कुणाचाच झालेला नव्हता. घोंगडी कुणाच्या अंगावर जायची हे ठरलेले होते आणि ती भलत्यांच्याच अंगावर गेली. आमच्या धंद्यात याला फसवणूक म्हणतात.

धंदा माझा घोंगड्यांचा. सुरुवात डोक्यावर गाठोडे घेऊन दारोदार फिरण्यापासून केली. मलकापूरला हमरस्त्याकडेला दुकान टाकले ते कुणाच्या उपकारावर नाही, तोंडाच्या जोरावर. माझ्याशी घासाघीस करून जिंकणारे गिऱ्हाईक अजून जन्माला यायचे आहे असे माझा नवरा म्हणतो. तो हे कौतुकाने म्हणत नाही.

गेला पावसाळा कारगिलच्या लढाईचा. आमच्या भागात घरटी कुणीतरी फौजेत, त्यामुळे जो तो जवानांसाठी काही ना काही गोळा करत होता. बरोबरच होते. पण आमच्या समोरच्या घरातला एक जवान पायाला प्लास्टर घालून रजेवर आला होता आणि दिवसभर माझ्या दुकानाच्या पायरीवर बसायचा. एके दुपारी तो म्हणाला, "अक्का, आमाला रेशन हाय, बूट हायत. तिथल्या गावच्या लोकांचं काय? घरांवर गोळे पडाय लागले तशी मेंढरं, पोरंबाळं घिऊन पळाली. तंबूत ऱ्हात्यात. बर्फ पडल्यावर काय पांघरणार?"

दुकानात तेव्हा आटपाडीकडच्या मावशी बसल्या होत्या. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे. लोकर त्यांची, सूत त्यांच्या घरच्या बायका कातायच्या आणि मी मागावर घोंगडी विणून घ्यायची. मावशींचा तंबाखू मळणारा हात थांबला.

"मेंढरं घिऊन पळाली?"

"व्हय आजी."

"आमी बी दरसाल मेंढरांमागं घर सोडतोय की. पर परत येतो तवा छप्पर जाग्यावर असतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ह्या खेपंची सगळी घोंगडी त्यांला दे. मला काय नगं. पर त्यांलाच. दुसऱ्या कुणाला दिलीस तर कुणाला दिलीस ते मला सांगाय लागंल."

"आवं मावशी, ऐन पावसाळ्यात? माझा हंगाम हाय ह्यो!"

"मग ऱ्हाऊ दे. दुसरा दुकानदार बघती."

झाले. जिंकणारे गिऱ्हाईक जन्मले नसेल, पण मला हरवणारी बाई केव्हाच जन्मली होती आणि माझ्याच दुकानात तंबाखू मळत होती.

माल तिकडे पोचवायला साताऱ्याची समिती हाच रस्ता होता. तिचा ट्रक निघणार होता. अध्यक्ष निवृत्त गृहस्थ, बोलणे गुळासारखे. म्हणाले, "वा ताई! आपल्या जवानांच्या अंगावर आपली घोंगडी!"

"जवानांना नाहीत. ज्यांच्या हातात बंदूक नाही आणि ज्यांच्या घरावर गोळे पडले, त्या गावकऱ्यांना."

"पण ताई, जवान म्हटलं की लोकांना भरून येतं. गावकरी म्हटलं की..."

"की काय? त्यांना थंडी कमी वाजते?"

मग घासाघीस सुरू झाली. त्यांनी निम्मी जवानांना, निम्मी गावकऱ्यांना असा तोडगा काढला. मी मान हलवली. फलकावर माझे नाव टाकतो म्हणाले. नको. व्यासपीठावर खुर्ची देतो. खुर्ची माझ्या दुकानात आहे म्हटले. शेवटी घाम पुसत त्यांनी सगळी घोंगडी गावकऱ्यांनाच द्यायचे कबूल केले. मी त्यांना औंधच्या यमाईची शपथ घ्यायला लावली. त्यांनी गळ्याला हात लावून ती घेतली. त्याहून पक्का व्यवहार मला येत नाही.

ट्रक निघायच्या दिवशी समितीने निरोप समारंभ ठेवला. माझी एसटी उंब्रजला पंक्चर झाली आणि मी सभागृहात पोचले तेव्हा भाषणे चालू होती. दारातूनच पाहिले. व्यासपीठावर पाहुण्यांची रांग आणि एकेकाच्या खांद्यावर मावशींचे घोंगडे! काळे, पांढऱ्या काठाचे, कोरे करकरीत. बाहेर पाऊस, आत कोंदट. माणसे घामाने निथळत होती आणि नव्या लोकरीने मान खाजवत होती. माईकपुढचा पाहुणा घोंगडे सावरत सांगत होता, "त्या बेघर बांधवांना आज उबेची गरज आहे!"

मी सरळ व्यासपीठाखाली गेले. "अध्यक्ष, हे काय?"

ते वाकून कुजबुजले, "ताई, शाल-नारळ नेहमीचंच. म्हटलं, आपल्या मातीतला सत्कार करावा. बाकी सगळी घोंगडी ट्रकमध्येच आहेत हो."

"ह्यांच्यातल्या कुणाचं छप्पर उडालंय?"

"हळू बोला!"

मला हळू बोलता येत नाही. "ज्यांच्या घरावर गोळा पडला नाही त्यांनी घोंगडी खाली काढून ठेवा!" सभेला वाटले हा कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या पडल्या. मान खाजवून बेजार झालेल्या एका पाहुण्याने आनंदाने घोंगडे माझ्या हातात दिले. बाकीचे समोर बघत बसून राहिले.

अडचण अशी की आमच्याकडे सत्कारात मिळालेली वस्तू परत देत नाहीत. देणाऱ्याचा अपमान होतो. आणि दिलेला सत्कार परत मागायचा म्हणजे मागणाऱ्याची अब्रू जाते. अध्यक्ष मागेनात, पाहुणे देईनात. ट्रक तेवढी घोंगडी सोडून गेला.

मग मी घरे धुंडाळली. सांगलीच्या पाहुण्याने घोंगडे झोपाळ्यावर अंथरले होते. मी विषय काढताच म्हणाला, "बाई, सन्मान आहे तो. असा कसा परत देऊ?"

"परत नका देऊ. मी तुमचा दुसरा सत्कार करते, तुम्ही माझा करा."

पिशवीतून शाल काढली, नारळ काढला, हार घातला. त्याच्या बायकोला म्हटले, "वहिनी, टाळ्या वाजवा." वहिनींनी इतक्या मनापासून वाजवल्या की शेजारी डोकावले. आता सगळ्यांदेखत त्याला माझा सत्कार करणे भाग होते, आणि हाताशी सत्काराजोगते झोपाळ्यावरच्या घोंगड्यावाचून काही नव्हते. वहिनींनीच ते ओढून त्याच्या हातात दिले. माझ्या खांद्यावर घोंगडे पडताच मी जी निघाले ती थेट बसस्थानकावर.

अशी एकेक करून मी ती सोडवली. जवानाचे प्लास्टर निघून तो परत हजर व्हायला निघाला होता. त्याच्या ओळखीने गाठोडे रेल्वेने पुढे गेले आणि रस्ता बर्फाने बंद व्हायच्या आत तंबूंपर्यंत पोचले. एकच घोंगडे राहिले. अध्यक्षांचे. त्यांनी स्वतःचाही सत्कार करून घेतला होता. विचारले तर म्हणतात, "ताई, भावना गुंतल्यात त्यात."

परवा मावशी दुकानात आल्या. कुठल्या तरी वाण्याने समारंभाचा फोटो असलेल्या वर्तमानपत्रात त्यांना तंबाखू बांधून दिला होता. मावशींना वाचता येत नाही, पण स्वतःच्या घरचा काठ ओळखता येतो. कागद माझ्यापुढे पसरून त्यांनी घोंगडे पांघरलेल्या अध्यक्षांच्या पोटावर बोट ठेवले.

"ह्यो कुठल्या गावचा पळून आल्याला? बरा धडधाकट दिसतोय. मेंढरं किती हायत त्याची?"

मी कागदाची घडी घालायला गेले तर त्यांनी तो पुन्हा पसरला. म्हणाल्या, "कुणाला दिलीस ते सांगाय लागंल म्हणालीवती मी."

तर अध्यक्ष महाराज, हे उत्तर माझे नाही, तुमचे आहे. मावशी अजून इथेच, दुकानाच्या पायरीवर बसल्या आहेत. ते घोंगडे घेऊन मलकापूरला या, आणि तुमच्या घरावर कुठला गोळा पडला ते त्यांना तुमच्याच तोंडाने सांगा.