खोक्यातलं माहेर

आज घाटकोपरात सकाळपासून ढग आहेत, वारा बंद, भिंतीसुद्धा घामेजल्यात. अशा दमट हवेत गोंद लवकर सुकत नाही. काडेपेटीएवढं एक दार बोटाखाली दाबून मी खिडकीशी बसलो होतो. गोंद सुकेपर्यंत उठायचं नाही. या कामात किस्से साठतात ते असे. हात अडकलेला, तोंड मोकळं.

आमच्याकडे मुलीच्या लग्नात रुखवत मांडतात. बाकीचे त्यात भांडी ठेवतात, फराळाची ताटं ठेवतात. माझी बायको इंदू मुलीला तिचं माहेरच करून देते, खोक्यात बसणारं अख्खं घर. टिकल्यांची ताटं, पेनाच्या टोपणाचं पिंप, रिफिलच्या तुकड्याचा नळ. इतकी वर्षं बघतोय, अजून थक्क होतो.

आमच्या मुलीच्या, सुनीताच्या लग्नात इंदूने मोहरीएवढे रव्याचे लाडू वळले. खरे, साखर-तुपातले. म्हणाली, "मुलीला खोटं अन्न देऊ नये." हॉलवर खोकं उघडलं तर ताट रिकामं, आणि मुंग्यांची रांग इवल्याशा दारातून बाहेर निघालेली. प्रत्येकीच्या तोंडात एक लाडू. विहीणबाई वाकून बघत होत्या. इंदू शांतपणे म्हणाली, "पहिली पंगत उठली बघा."

मग इंदूची बोरिवलीची भाची. तिने स्वतःच्या पसंतीने लग्न ठरवलं म्हणून तिचा बाप, म्हणजे माझा मेव्हणा, तिच्याशी बोलत नव्हता. लग्नातही तोंड फिरवून उभा. जाता जाता त्याने खोक्यात डोकावलं. गॅलरीतल्या दोरीवर त्याची लुंगी वाळत होती, विडीने पडलेल्या भोकासकट. मग लेकीकडे वळला. "हे भोक आत्याला तूच सांगितलंस ना गं?"

कित्येक महिन्यांत तो तिच्याशी बोलला, ते हेच पहिलं.

आता रविवारी नातीचं, आमच्याकडेच वाढलेल्या तनूचं लग्न. लग्नानंतर ती बेंगळुरूला जाणार. "आजी, मला दुसरं काही नको, तुझं घर दे," म्हणाली. पण इंदूला काचबिंदू. आता तिला उजेड तेवढा कळतो. म्हणून हात माझे. शाळा माझ्या वाट्याला आली नाही, उमर गोदीत पोती उचलण्यात गेली. या बोटांना चिमूट माहीत नाही. इंदूच्या नजरेशिवाय त्या खोक्याचं माहेर होईल का, एवढीच धास्ती.

पहिली खुर्ची केली. इंदूने चाचपून पाहिली. "अहो, ही खुर्ची की गोदीतली क्रेन?"

एकदा शिंकलो, तर अख्खं स्वयंपाकघर उडालं. मी लादीवर रांगत टिकल्या शोधतोय. इंदू म्हणाली, "राहू द्या. आज बाहेर जेवू."

काल घर जवळजवळ झालं. तिने एक बोट आत घातलं आणि सावकाश फिरवलं. ओटा, पलंग, देव्हारा. "देव्हारा भिंतीला चिकटलाय. मागे हात जाईल एवढी जागा असते आपल्याकडे." मी वळून आमचा देव्हारा बघितला. खरंच होती. रोज हात जोडतो, मला कधी दिसली नव्हती.

दाराशी तिचं बोट थांबलं.

"तनूच्या चपला कुठायत?"

"ती सासरी चालली ना."

"चालली म्हणून काय झालं? असू देत दाराशी."

रबराच्या तुकड्यातून कापून ठेवल्या.

आज राहिलं होतं फक्त पॅसेजमधलं समोरचं दार. तिथे फिलोमिना राहते, मूळची गोराईची. आमच्या घराची चावी वर्षानुवर्षं तिच्याकडेच असते. तिचंच दार मी दाबून बसलो होतो, तेवढ्यात ती आली. चष्मा लावून वाकली. मला वाटलं, चपलांचं काहीतरी बोलेल.

"भाऊ, बोट काढा आधी," फिलोमिना म्हणाली. "माझं दार बंद करून चिकटवताय होय? पोरगी आली आणि घरात कोणी नसलं, तर चावी मागेल कोणाकडे?"