कोल्ड स्टोरेजमधली मिरची

प्रताप नगरात दामिनी गजभियेंना सगळे बँकेच्या वकीलबाई म्हणत. कंपनी बुडाली की तिच्याकडे ज्यांचं येणं असेल त्यांच्या बाजूने उभं राहायचं, हेच त्यांचं वीस वर्षांचं काम. वडील कापडगिरणीत होते. गिरणीला सील लागलं तेव्हा त्यांची सायकल आतल्या स्टँडवरच अडकली, ती शेवटपर्यंत मिळाली नाही. ते पायी हिंडत, पण कधी बोलून दाखवत नसत. पोरीने मात्र वकिली धरली ती बुडीत कंपन्यांच्या याच कायद्यातली.

यावेळचं प्रकरण पारशिवनी रोडवरच्या एका कोल्ड स्टोरेजचं होतं. कंपनी दिवाळखोरीत निघाली होती आणि आतल्या मालासकट सगळं विकावं अशी बँकेची मागणी होती. त्या मालात बचत गटाच्या बायांची मिरची होती. तिच्यावरच त्यांचा वर्षाचा मसाला चाले. बायांनी मुदतीत दावा लावला नाही, सबब त्यांना आता काही मागता येणार नाही, हा मुद्दा दामिनीताईंनीच लिहून दिला होता. कागदावर आतला सगळा माल कंपनीचा दाखवला होता, तो त्यांनी तसाच धरला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी त्या पाहणीला गेल्या. पोत्यांच्या तोंडाला जुन्या लुगड्यांच्या चिंध्या बांधल्या होत्या, जिची तिला ओळखू यावी म्हणून. फाटकाशी गटाच्या सिंधूताई बसून होत्या. दावा का लावला नाही असं विचारल्यावर त्या नवलाने बघत राहिल्या.

“आमी का त्याले उधार देल्लं होतं? ठेवाले देल्लं. आपल्याच वस्तूवर दावा कायले लावाचा वं बाई?”

दामिनीताईंनी पोत्यांवरच्या चिंध्या पुन्हा एकदा पाहिल्या. ठेवायला दिलेली वस्तू देणाऱ्याचीच राहते, कायदाही नेमकं हेच म्हणत होता.

सकाळी त्यांनी बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि रोजच्यापेक्षा जास्त वेळ हात जोडून उभ्या राहिल्या. मग गळ्यात वकिलाचा पांढरा बँड बांधून संगणकासमोर बसल्या. न्यायाधिकरण मुंबईला, सुनावणी पडद्यावर. शेजारी बँकेचे अधिकारी देवराव ठवकर. मिरची बायांचीच आहे, हे त्यांना सांगून झालं होतं. त्यांचं म्हणणं एकच, लिहिलेला मुद्दा राहू द्या, काय ते कोर्ट पाहील.

बायांचा वकील नवखा होता. दावा लावायला उशीर झाला, एवढी माफी करा, असं तो परत परत विनवत होता. मिरची मुळात बायांचीच आहे, हे त्याच्या तोंडून येईना. न्यायाधीश वैतागून म्हणाले, मुदत केव्हाच संपली आहे. मग त्यांनी बँकेचं म्हणणं विचारलं.

दामिनीताईंनी माइक बंद केला.

“मॅडम, आपल्या अशिलाचं पाहा,” देवराव हळूच म्हणाले.

“तेच पाहून राहिली. उद्या मिरची विकली आणि परवा कोर्टाने परत करा म्हटलं, तर बँक काय करेल? मी हा मुद्दा मांडणार नाही. पाहिजे तर वकालतनामा आत्ताच परत देते, दुसरा वकील पाहा.”

पडद्यावरून पुन्हा विचारणा झाली. देवरावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. दामिनीताईंचं बोट माइकच्या बटणावर तसंच होतं.

“बोला,” देवराव म्हणाले.

त्या बोलल्या. चिंधी बांधलेली पोती आमच्या तारणात कधीच नव्हती, त्यांवर आमचा हक्क नाही. ओळख पटवून पोती सोडावी, असा हुकूम झाला. देवरावांनी चहा अर्धाच पिऊन ठेवला. टेबलावरच्या बँकेच्या बाकी फायली, साहेबांना विचारून पाठवतो म्हणत, काखेत मारून नेल्या. त्या फायली परत आल्या नाहीत.

पोती उचलायच्या दिवशी सिंधूताईंचा फोन आला. पलीकडे बाया मिरचीच्या खकाण्याने खोकत होत्या.

“बाई, एक पोतं बिनचिंधीचं निघालं. बाया म्हन्तेत घेऊन टाकू. काय करू?”

“कोणाचं आहे?”

“आमचं तं नाही.”

“मग हात लावू नका,” दामिनीताई म्हणाल्या. “ते बँकेचं.”