विजयमालाबाईंचा तारा, प्रोफेसरांचे आठ तास

सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या विजयमालाबाईंनी अकरा वर्षं एकाच ताऱ्यावर पाळत ठेवली होती. हंस तारकासमूहातला हा तारा एरवी त्यांच्या लहानशा दुर्बिणीतून दिसतही नसे. मग एकाएकी भडके आणि आठवडाभर झगझगत राही. कधी भडकेल, हे भल्याभल्यांना सांगता येत नसे. दिवेलागणीनंतर बाई गच्चीवर जात आणि वहीत नोंद करत.

त्र्याऐंशी साली त्यांनी मासिकात वाचलं, की पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका दुर्बिणीवर कुठल्याही देशातल्या अभ्यासकाला वेळ मागता येतो. हवेत अडकणारे अतिनील किरण तिला टिपता येत. बाईंनी लगेच अर्ज लिहिला: तारा भडकला की आठ तास द्या. त्यावर संस्थेची सही हवी होती.

हेडमास्तर पुंडलिकराव हसले. "बाई, शाळेतल्या नळाले पाणी नाही, अन् तुम्ही आभाळातली दुर्बीण मागून राहिल्या?"

"नळाचा अर्जही मीच लिहिला होता, सर. तुमच्याच टेबलावर पडून आहे."

मग बाईंनी दुर्बिणीचा अर्ज एका मोठ्या शहरातल्या प्रोफेसरांना सहीसाठी पाठवला. उत्तर आलं: एकेका तासासाठी तीन-तीन शास्त्रज्ञ रांगेत आहेत, तिथं शाळेच्या बाईंनी गर्दी करू नये. वर्षभरानं मासिकात बातमी आली, त्याच ताऱ्यासाठी त्याच प्रोफेसरांना आठ तास मिळाले. वर अनुदानही.

पण तारा काही मंजुरीचं पत्र बघून भडकत नाही. तास वापरायची मुदत सरत आली तशी प्रोफेसर पांढुर्ण्याला गाडीतून उतरले आणि बसनं सौंसरला आले.

"तारा उजळला की फक्त एक तार करा. लेखाच्या आभारात तुमचं नाव घालतो."

"आभार? मंडपवाल्याचे मानतात तसे?" बाई म्हणाल्या. "अर्ज माझा होता. लेखावर पहिलं नाव माझं राहील. इथंच लिहून द्या."

"ते शक्य नाही हो."

"मंग शहरात जाऊन तुम्हीच पाहत बसा. विजेच्या दिव्यांच्या उजेडातून दिसला तर मलेही कळवा."

प्रोफेसरांनी दोनदा चष्मा पुसला आणि लिहून दिलं.

नोव्हेंबरात तारा भडकला. सकाळी पोस्टात तार लिहून घेणाऱ्या बाबूनं बाईंची लगबग पाहून विचारलं, "कोन गेलं, बाई?"

"कोणी नाही. आलं आहे. लवकर पाठवा."

दुर्बीण वेळेवर वळली, किरण टिपले गेले. शहाऐंशीत लेख छापून आला. पहिलं नाव होतं: श्री. विजय माला.

पुंडलिकरावांनी सत्कार ठरवला. निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुण्या प्रोफेसरांचं नाव ठळक, खाली बारीक अक्षरांत बाईंचं. बाईंनी पत्रिका हेडमास्तरांच्या हातात परत ठेवली.

"श्री. विजय माला आले तर त्यांना हार घाला, सर. मले सातवीवर जायचं आहे."

आणि खडू घेऊन त्या वर्गाकडे निघाल्या.