माडावरचा तास

"माणूस चढत नाही हो, तो धरून राहतो!"

शाळेचा जिना चढताना आमचे इंग्रजीचे मास्तर कठडा घट्ट पकडून रोज हे ऐकवायचे. मागे आम्ही सगळे खोळंबलेले. मी ड्रिलमास्तर, मला कायमची घाई. मी म्हणायचो, "मास्तर, धरा हो खुशाल, पण पाय तरी उचला!"

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. बोरिवलीची आमची शाळा एका जुन्या वाडीत होती, आवारात चार माड. त्या वर्षी मास्तरांनी अकरावीला 'क्लाइंब' हा एकच शब्द तीन आठवडे शिकवला. सूर्य क्लाइंब करतो, विमान करतं, वेल करते, बाजारभाव करतात, हे दोन दिवसांत आटपलं. मग शब्दाचं मूळ निघालं. फार पूर्वी त्या मुळाशी वर जाणं नव्हतंच, चिकटणं होतं, असं मास्तर छातीठोकपणे सांगत. "चिखल चिकटतो ना, त्याच घराण्यातला शब्द!" आता तुम्हीच सांगा, परीक्षेत हे कोण विचारतंय?

हेडमास्तरांचं डोकं फिरलं. "सोमवारी इन्स्पेक्टर येतायत. शेरा वाईट पडला तर अकरावी काढून घेईन. बसा पाचवीला एबीसीडी गिरवत."

मास्तरांचा चेहरा एवढासा झाला. बायको गेलेली, मूलबाळ नाही. अकरावीचा वर्ग सोडला तर त्या माणसाचं होतं कोण? एरवी मी त्यांच्यावर चिडायचो, पण त्या दिवशी जिन्यात त्यांच्या मागे मी घाई केली नाही.

आणि सोमवारी ह्या गृहस्थांनी काय करावं? प्रात्यक्षिक! वर्ग माडाखाली आणून बसवला. नारळ पाडायला येणाऱ्या बस्त्यावकडून पायात घालायची दोरी मागून घेतली, धोतराचा काचा मारला आणि कोट-टोपीसकट निघाले वर.

"मास्तर, कोट तरी काढा!" बस्त्याव ओरडला.

"वर्गात मी कोट काढत नाही!"

दोन पुरुष उंच गेले आणि खाली बघितलं. झालं, वाट लागली. डोळे गच्च मिटून माडाला मिठी मारली. वर जाईनात, खाली येईनात.

नेमके तेवढ्यात इन्स्पेक्टरसाहेब आले. मागे हेडमास्तर, घामाघूम. "इंग्रजीचे शिक्षक कुठायत?" साहेबांनी मला विचारलं. मी बोट वर केलं.

साहेबांनी मान वर केली. "काय चाललंय हे?"

"इंग्रजीचा तास, साहेब." मास्तर डोळे न उघडताच म्हणाले.

साहेब पोरांकडे वळले. "व्हॉट इज 'टु क्लाइंब'?"

चाळीस बोटं एकदम माडाकडे गेली. "टु होल्ड ऑन, सर!"

शेरा मी स्वतः वाचलाय : 'शिक्षक जागेवर नव्हते. अध्यापन उत्तम.'

मास्तरांना उतरवायला बस्त्याव वर गेला. एका हाताने त्यांना कवळून म्हणाला, "मास्तर, सोडा आता, मी धरलंय." तरी सोडेनात. शेवटी त्याने त्यांचं एकेक बोट सोडवलं. अकरावी मात्र निवृत्त होईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

पुढे ते कांदिवलीला राहायला गेले. काही वर्षांनी इस्पितळात असल्याचं कळलं, तेव्हा मी लगबगीने गेलो. पार वाळले होते.

"अकरावीला हल्ली कोण?"

"आहे एक पोरगा. दिवसाला पंचवीस शब्द उडवतो."

"अरेरे," असं म्हणून हसले, आणि माझं मनगट धरलं. मला वाटलं, डोळा लागला. संध्याकाळी भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, तरी मी हात काढून घेतला नाही. नर्स आली, तिने नाडी बघितली आणि माझ्याकडे बघून मान हलवली.

मनगट तसंच त्यांच्या मुठीत होतं. मी वाकून म्हटलं, "मास्तर, सोडा आता, मी धरलंय." आणि एकेक बोट सोडवलं.